अपस्माराचा ठावठिकाणा



गुरुजींच्या स्मृतिव्याख्यानासाठी मला पाचारण करून आपण माझा गौरव केला आहे. विषय कळल्यावर मात्र काही स्नेह्यांनी भुवया उंचावल्या. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने मेंदूच्या छायाचित्रांवर बोलावे, हा काय प्रकार, असे त्यांना वाटले असावे. त्यांची शंका रास्त आहे. मी वैद्य नाही. रोगाच्या उपचाराविषयी सल्ला देण्याचा मला अधिकार नाही आणि तसा माझा मानसही नाही. परंतु गेली काही वर्षे ह्या विषयावरचे वाचन करीत असता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, आणि ती भाषेच्या माणसाने सांगण्याजोगी आहे असे मला वाटले. अपस्माराचा झटका मेंदूच्या कोणत्या कोपऱ्यात उगम पावतो हे शोधण्यासाठी आज कोट्यवधी रुपयांची यंत्रे उपलब्ध आहेत. तरी त्या शोधाचा आरंभ आजही एका साध्या प्रश्नाने होतो : ‘काय घडले ते सांगा.’ त्याचे उत्तर नीट मिळाले नाही, तर पुढची यंत्रे पुष्कळदा चाचपडत राहतात.

प्रथम शब्दांकडे वळू. आपल्या बोलीत ह्या व्याधीला फेफरे, मिरगी, आकडी, फीट अशी नावे आहेत. आपण बडोदेकर मराठी माणसे शेजारच्या गुजराती घरांतून ‘खेंच’ आणि ‘वाई’ हे शब्दही ऐकत वाढलो. वाई ह्या शब्दाचे नाते वायूशी दिसते. शास्त्रीय म्हणून जो शब्द आपण वापरतो तो ‘अपस्मार’. त्यात स्मृतीचा लोप आहे. चरकसंहितेत ह्या व्याधीचा स्वतंत्र विचार असून वात, पित्त, कफ आणि तिन्हींचा संनिपात असे तिचे चार प्रकार मानले आहेत. आता गंमत पाहा. झटका येण्यापूर्वी काही रोग्यांना जी पूर्वसूचना मिळते तिला पाश्चात्त्य वैद्यक ‘ऑरा’ म्हणते, आणि ह्या शब्दाचा मूळ अर्थ वाऱ्याची झुळूक. पायाकडून थंड झुळूक वर चढत जाते, असे एका मुलाने केलेले वर्णन ग्रीक वैद्य गेलन याने नोंदविले आहे. आपल्याकडे अंगात येते तेही ‘वारे’च. ग्रीक मुलगा, गुजराती शेजारीण आणि कोकणातली आजी ह्या तिघांनाही न दिसणाऱ्या आणि तरीही माणसाला हलवून सोडणाऱ्या गोष्टीसाठी वाराच आठवावा, ह्याचे मला नवल वाटत आले आहे.

मात्र वाऱ्याला ठिकाण नसते. ज्याला ठिकाण नाही त्याच्याविषयी ‘कोण आले’ असा प्रश्न पडतो. ‘कोठून आले’ असा सहसा पडत नाही. मग देवऋषी येतो, अंगारा येतो, नाकाशी कांदा किंवा वहाण धरली जाते. (कांद्याने किंवा चामड्याने झटका थांबत नाही. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआपच थांबतात, आणि श्रेय वहाणेला जाते. तोंडात चमचा घालणे तर घातकच. रोग्याला कुशीवर वळवावे, आसपासच्या टणक वस्तू दूर कराव्यात, घड्याळ पाहावे. झटका पाच मिनिटांवर लांबला तर रुग्णालय गाठावे, एवढे शाळेतल्या प्रत्येकाला ठाऊक असलेले बरे.)

‘कोठून’ हा प्रश्न काही ग्रीकांनी विचारला होता. हिपॉक्रेटिसच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या, ह्या तथाकथित पवित्र रोगावरील प्रबंधात, ही व्याधी इतर व्याधींहून अधिक दैवी नाही, तिचे मूळ मेंदूत आहे, असे सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी मांडले गेले. पण मेंदूत म्हणजे मेंदूत कोठे? ह्याचे उत्तर एकोणिसाव्या शतकात लंडनच्या डॉ. जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी दिले, आणि तेही यंत्राशिवाय. अंगठ्यापासून सुरू झालेला झटका बोटांत, मग मनगटात, मग दंडात आणि चेहऱ्यावर ठराविक क्रमाने सरकत जातो, हे त्यांनी बारकाईने पाहिले. त्यांच्या पत्नीलाच असे झटके येत असत. ह्या क्रमावरून जॅक्सन यांनी अनुमान काढले की मेंदूच्या पृष्ठभागावर अंगठा, हात, चेहरा यांची ठिकाणे शेजारी-शेजारी असली पाहिजेत, आणि क्षोभ एका ठिकाणाहून दुसऱ्याकडे वणव्यासारखा पसरत असला पाहिजे. दिनांक २५ मे १८८६ रोजी सर्जन व्हिक्टर हॉर्सली यांनी ह्याच तर्काच्या आधारे एका बावीस वर्षांच्या स्कॉटिश तरुणाची कवटी उघडली. लहानपणी घोडागाडीखाली सापडून त्याच्या डोक्याला इजा झाली होती. अपेक्षिले होते त्याच जागी व्रण सापडला. क्ष-किरणांचा शोध लागावयास तेव्हा नऊ वर्षे अवकाश होता. केवळ वर्णन ऐकून आणि पाहून कवटीच्या आतली जागा सांगता आली, ही घटना मला एखाद्या उत्कृष्ट समीक्षेसारखी वाटते.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूतील विद्युत्स्पंदने टाळूवरून टिपली आणि १९२९ साली ती प्रसिद्ध केली. त्यातून आजचा ई. ई. जी. आला. आपल्या परिभाषाकारांनी त्यास ‘विद्युत् मस्तिष्कालेख’ असे भारदस्त नाव दिले, पण रुग्णालयाच्या दारात ते कोणी उच्चारीत नाही. १९७१ च्या ऑक्टोबरात लंडनमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे छेदचित्र घेतले आणि सी. टी. स्कॅनचे युग सुरू झाले.

येथे मला जरा थांबावयाचे आहे. सी. टी. स्कॅन आपल्या देशात आल्यावर जे घडले, त्यात महाराष्ट्राचा वाटा आहे, आणि चित्र म्हणजे काय व काय नव्हे हे त्या प्रकरणातून जितके कळते तितके दुसऱ्या कशातून क्वचितच कळेल. शरीराच्या एकाच भागापासून झटका सुरू होणाऱ्या कित्येक भारतीय रुग्णांच्या छायाचित्रांत एक लहानसे कडे किंवा टिकली दिसू लागली. पुण्याचे डॉ. आर. एस. वाडिया आणि त्यांचे सहकारी यांनी ह्या कड्या-टिकल्यांवरचा आपला निबंध १९८७ साली एका प्रतिष्ठित ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केला. ठिकाण तर सापडले. पण तेथे बसले होते कोण? आपल्या देशात क्षयरोग घरोघरचा. तेव्हा ही क्षयाचीच गाठ, असा समज स्वाभाविकपणे रूढ झाला आणि असंख्य रुग्णांनी महिनोन्महिने क्षयाची औषधे घेतली. काहींची टिकली नाहीशी झाली आणि औषध लागू पडले असे वाटले.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील डॉ. मॅथ्यू चांडी, डॉ. वेदान्तम् राजशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून अशा टिकल्यांचा तुकडा प्रत्यक्ष काढून तपासला. बहुसंख्य ठिकाणी क्षय नव्हताच. फीतकृमीच्या अळीचे मरू घातलेले कोष्ठ होते. अळी मरताना भोवतालचा मेंदू सुजतो, ती सूज चित्रात कड्यासारखी दिसते, आणि पुष्कळदा ती काही महिन्यांत आपोआप विरते. क्षयाच्या औषधाला मिळालेले श्रेय बहुतांशी वहाणेच्या श्रेयासारखेच होते! ह्या कृमीची अंडी अस्वच्छ हात, पाणी आणि न धुतलेल्या पालेभाज्यांवाटे पोटात जातात, म्हणून पिढ्यान् पिढ्या शाकाहारी असलेल्या घरांतही ही व्याधी आढळते. ‘आमच्यात कोणी डुकराचे मांस खात नाही, मग हे कसे?’ हा प्रश्न डॉक्टरांना आजही ऐकावा लागतो.

चित्राने जागा दाखविली, पण अर्थ सांगितला नाही. साहित्याच्या अभ्यासकाला ह्यात काही नवे वाटू नये. संहिता समोर असते. तिचा अर्थ लावावा लागतो, आणि प्रचलित अर्थ बरोबरच असतो असे नाही.

सी. टी. स्कॅनपुढची पायरी एम. आर. आय. ची. त्यात क्ष-किरण नसतात. बलवान चुंबकाच्या क्षेत्रात शरीरातील पाण्याच्या हायड्रोजन-कणांकडून येणाऱ्या संकेतांवरून चित्र रचले जाते. कानशिलाच्या आत, खोलवर, मेंदूचा एक वळणदार भाग आहे. त्याच्या आकारावरून सोळाव्या शतकात त्याला ‘हिपोकॅम्पस’, म्हणजे समुद्रघोडा, असे नाव पडले. प्रौढांच्या औषधांना न जुमानणाऱ्या अपस्मारात हा समुद्रघोडा आक्रसलेला आणि व्रणमय झालेला वारंवार सापडतो. पूर्वी तो शस्त्रक्रियेनंतर किंवा शवविच्छेदनातच दिसे. १९९० च्या सुमारास एम. आर. आय. ने तो जिवंत माणसात खात्रीने दाखविला. ह्या रुग्णांचे अनुभवही विलक्षण असतात. पोटातून काहीतरी वर चढत आल्याचा भास, अकारण भय, आणि ‘हे सारे पूर्वी कधीतरी असेच घडले होते’ अशी दाट जाणीव. मग नजर शून्यात लागते, ओठ मिचमिचतात, बोटे शर्टाच्या गुंड्यांशी चाळा करीत राहतात.

काही रुग्णांचे एम. आर. आय. मात्र स्वच्छ येते. तेव्हा पेट आणि स्पेक्ट ह्या तपासण्यांचा आधार घेतात. डॉक्टर मंडळी झटक्याच्या उगमस्थानाला ‘फोकस’ म्हणतात. लॅटिनमध्ये फोकस म्हणजे चूल! ह्या अर्थाने पाहिले की दोन्ही तपासण्या चटकन समजतात. पेटमध्ये किरणोत्सर्गी खूण लावलेली साखर रक्तात सोडून मेंदूचा कोणता भाग ती किती वापरतो हे पाहतात. झटके नसताना उगमस्थान बहुधा आसपासच्या भागापेक्षा कमी साखर खाते. म्हणजे विझलेली, गार चूल शोधावयाची. स्पेक्टमध्ये उलट. तेथे भडकलेली चूल पकडावयाची असते. रुग्णाला रुग्णालयात ठेवून, त्याच्यावर कॅमेरा व ई. ई. जी. अहोरात्र चालू ठेवून, परिचारिका भरलेली सुई घेऊन जवळ बसते आणि झटका सुरू होताच काही सेकंदांत औषध टोचते. ते द्रव्य मिनिटा-दोन मिनिटांत मेंदूत, जेथे रक्तपुरवठा वाढला असेल तेथे अधिक, जाऊन बसते आणि तेथेच राहते. चित्र नंतर, रुग्ण शांत झाल्यावर काढले तरी त्यात तो झटक्याचा क्षणच उमटतो. एवढ्या मोठ्या यंत्राचे यश परिचारिकेच्या सावध नजरेवर अवलंबून असावे, हे मला फार बोलके वाटते. सुई उशिरा टोचली गेली, तर आग जेथे लागली ते घर न दिसता जेथवर ती पसरली ते घर दिसते.

तरीही, श्रोतेहो, ज्याला उगमस्थान म्हणतात त्याचे छायाचित्र कोणत्याही यंत्राला घेता येत नाही. हे विधान धाडसाचे वाटेल, पण ह्या क्षेत्रातील तज्ज्ञांचीच ही भूमिका आहे. एक यंत्र व्रण दाखविते, दुसरे क्षुब्ध वीज, तिसरे मंदावलेली साखर; झटक्याची लक्षणे आणखी एखाद्या शेजारच्या भागाकडे बोट दाखवितात. हे प्रदेश एकमेकांवर पडतात, पण तंतोतंत जुळत नाहीत. नेमका किती भाग काढला असता झटके थांबतील हे अनुमानच असते, आणि ते खरे होते की नाही हे तो भाग काढल्यावर, झटके थांबल्यावरच सिद्ध होते. म्हणून चांगल्या केंद्रांत न्यूरॉलॉजिस्ट, सर्जन, क्ष-किरणतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ एकत्र बसून प्रत्येक रुग्णाचा खटला चालवितात. साक्षी जुळल्या तर निर्णय. न जुळल्या तर कवटीच्या आत तारा बसवून आणखी शोध, नाहीतर माघार.

चुकीची किंमत किती मोठी असते ह्याचे एक उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात अमर झाले आहे. अमेरिकेत १९५३ साली हेन्री मोलेसन ह्या सत्तावीस वर्षांच्या तरुणाचे दोन्ही बाजूंचे समुद्रघोडे बव्हंशी काढून टाकण्यात आले. उगमस्थान निश्चित झालेले नव्हते. झटके पुष्कळ कमी झाले. पण नवी आठवण मनात टिकविण्याची शक्ती गेली ती २००८ साली मृत्यू येईपर्यंत परत आली नाही. अपस्मारावरचा उपाय स्मृतीच घेऊन गेला. म्हणून आज एक बाजू काढण्यापूर्वी दुसरी बाजू स्मृतीचा भार वाहू शकेल ना, हे तपासतात. आणि भाषा कोणत्या बाजूस आहे हेही. रुग्णाला एम. आर. आय. यंत्रात झोपवून शब्द आठवावयास, वस्तूंची नावे मनात म्हणावयास सांगतात, आणि मेंदूचा कोणता भाग कामाला लागतो ते पाहतात. ही चाचणी रुग्णाच्या स्वतःच्या भाषेत घ्यावी लागते हे सांगावयास नको. मराठी घरात वाढून गुजराती बाजारात वावरणाऱ्या आणि इंग्रजीत नोकरी करणाऱ्या बडोदेकराची परीक्षा कोणत्या भाषेत घ्यावी, हा प्रश्न मी भाषातज्ज्ञांसाठी ठेवून देतो.

आपल्या देशात हे कार्य नवे नाही. माँट्रियलला वाइल्डर पेनफील्ड यांच्याकडे शिकून आलेले डॉ. जेकब चांडी यांनी १९४९ साली वेल्लोरला मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विभाग सुरू केला आणि तेथे १९५२ साली अपस्मारावर शस्त्रक्रिया केली. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत डॉ. के. राधाकृष्णन यांच्या पुढाकाराने १९९५ साली अपस्मार-शस्त्रक्रियेचा सुसूत्र कार्यक्रम सुरू झाला. माफक साधनांत, नेमकी निवड करून, सामान्य माणसाला परवडेल अशा रीतीने हे काम करता येते हे त्या संस्थेने दाखवून दिले. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातही हे काम चालते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने औषधांना न जुमानणाऱ्या ११६ मुलांचा तुलनात्मक अभ्यास करून २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला : शस्त्रक्रिया झालेल्या गटात वर्षअखेर ७७ टक्के मुले झटक्यांपासून मुक्त होती, केवळ औषधांवर असलेल्या गटात ७ टक्के. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलांना एका अंगाच्या दुर्बलतेसारखे गंभीर परिणाम सोसावे लागले. त्यांतले काही आधीपासून अपेक्षितच होते. ज्यांना शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो असे रुग्ण मुळात थोडेच. दहांपैकी सुमारे सात जणांचे झटके योग्य औषधांनी आवाक्यात येऊ शकतात. दोन योग्य औषधे योग्य मात्रेत देऊनही झटके थांबले नाहीत, तर मात्र वर्षानुवर्षे तिसरे-चौथे औषध चाळीत न बसता अशा केंद्रात जावे, असे आता मानले जाते.

आता गुरुजींकडे येतो. साठच्या दशकाच्या आरंभी आमच्या वर्गात एक मुलगा होता. त्याचे नाव सांगत नाही. धडा वाचता वाचता तो मध्येच थांबे, खिडकीकडे पाहत राही, ओठ हलवी. एका शिक्षकांनी ही टवाळी समजून त्याला बाकावर उभे केले होते. गुरुजींनी तसे केले नाही. त्यांनी आपल्या टाचणवहीत तीन आठवडे नोंद ठेवली : दिवस, तास, किती वेळ, प्रथम काय झाले, मग काय झाले, कोणता हात आखडला, कोणता चाळा करीत राहिला, भानावर आल्यावर तो काय बोलला. ती पाने त्यांनी मुलाच्या वडिलांच्या हाती दिली आणि मुंबईच्या डॉक्टरांना दाखवावयास सांगितले. डॉक्टरांनी औषधाची चिठ्ठी लिहिण्यापूर्वी ती पाने दोनदा वाचली, असे त्याचे वडील पुढे सांगत. औषधाने झटके पुष्कळ विरळ झाले, मुलगा मॅट्रिक झाला. गुरुजींनी जॅक्सनचे नावही ऐकले नसावे.

त्या नोंदीत होते तेच आजच्या तज्ज्ञालाही हवे असते. मान जोराने एका बाजूस वळली तर उगम बहुधा विरुद्ध बाजूस. एक हात वेडावाकडा ताठरला तर तेच. झटका ओसरताच रुग्ण एका हाताने नाक पुसतो, तो हात पुष्कळदा उगमाच्याच बाजूचा असतो! आणि बोलता येऊ लागावयास फार वेळ लागला, ओळखीच्या वस्तूंची नावे सुचेनात, तर क्षोभ भाषेच्या बाजूस असण्याचा संभव. ह्यांतले एकटे लक्षण निर्णायक नसते. पण त्यावरून कोठे बारकाईने पाहावे हे चित्र वाचणाऱ्याला कळते, आणि असे सांगितल्यावर पूर्वी ‘स्वच्छ’ ठरलेल्या एम. आर. आय. मध्ये बारीकसा दोष सापडल्याचे अनुभव तज्ज्ञ सांगतात.

हे वर्णन डॉक्टरांपर्यंत पोहोचत का नाही? कारण आपण ते लपवितो, विशेषतः मुलींच्या बाबतीत. मुलीला फीट येते हे चुलत्यालाही कळू द्यावयाचे नाही. लग्न ठरेपर्यंत गोळ्या डाळीच्या डब्यात ठेवावयाच्या. सासरी गेल्यावर त्या बंदच कराव्यात, म्हणजे झटका तेथेच, परक्या माणसांसमोर यावयाचा. कायद्यानेही ह्या भयाला दीर्घकाळ बळ दिले होते. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने अपस्माराचे वारंवार येणारे झटके वेडाच्या झटक्यांच्या पंक्तीस बसविले आणि तसा माणूस विवाहास अपात्र ठरविला. तो शब्द १९९९ साली काढून टाकण्यात आला. आज अपस्मार हा हिंदू विवाह कायद्याने विवाहाला अडथळा नाही. तरी वधूवरांच्या माहितीपत्रकांतून हे मौन गेलेले नाही, आणि जी मुलगी आईखेरीज कोणाला काही सांगू शकत नाही तिच्या झटक्याचा साक्षीदारही आईखेरीज कोणी नसतो.

अशा मुलीचे मी अलीकडे पाहिलेले एक उदाहरण आशादायक आहे. तिच्या धाकट्या भावाने मोबाइलवर झटक्याची चित्रफीत घेतली, चेहरा आणि दोन्ही हात दिसतील अशी, आणि आधी हाक मारून तिला नाव विचारले, ती उत्तर देते का पाहिले. असे करावे हे त्याला कोणी शिकविले नव्हते. डॉक्टरांनी ती फीत पुन्हा पुन्हा पाहिली आणि तपासणीचा कागद लिहिताना कानशिलाच्या डाव्या भागाकडे लक्ष द्यावे असे त्यावर नमूद केले. तपासणी पुढच्या महिन्यात आहे.